सिम्युलेटरमधील एटीसीच्या सूचनांवर इन्स्ट्रुमेंट अप्रोच कसा उडवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार्ट समोर ठेवून, कोणाशीही न बोलता आयएलएस अप्रोच (धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उपकरणे पाहून उतरण्याचा मार्ग) उडवला की विमान मध्यरेषेवर आणि योग्य उंचीवर राहते. सिम्युलेटरमधील एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) सुरू केले की मात्र कधी लोकलायझर (मध्यरेषा दाखवणारा संकेत) ओलांडून पलीकडे जाणे होते, कधी विमान ग्लाइडस्लोपच्या (उतरणीचा कोन दाखवणाऱ्या संकेताच्या) वर अडकते, आणि मध्यंतरी तर सरळ डोंगराकडे नेणारे हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) मिळाले. तेव्हा सरावासाठी हे एटीसी वापरावे की बंदच ठेवावे, आणि वापरायचे झाल्यास कोणते वापरावे, असे तुम्ही विचारले आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेची) तयारी करणाऱ्यांना मी बरीच वर्षे सिम्युलेटरवर शिकवत आलो आहे आणि ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या मते अडचणीचे मूळ एटीसीच्या दर्जात कमी आणि कामाच्या वाटणीत जास्त आहे. एकट्याने उडताना आपण कोठे आहोत, धावपट्टीपासून किती दूर आहोत आणि या अंतरावर किती उंची हवी, हा हिशेब तुम्ही स्वतः सतत करत असता. हेडसेटमध्ये आवाज आला की तो हिशेब थांबतो आणि तुम्ही पुढच्या सूचनेची वाट पाहू लागता. खरा, अनुभवी कंट्रोलर असेल तर ही सवय बऱ्याचदा निभावून जाते, कारण त्याचा हिशेब सहसा बरोबर असतो. संगणकाच्या एटीसीचा हिशेब अनेकदा चुकतो आणि ती चूक पकडायला कॉकपिटमध्ये कोणी जागे राहिलेले नसते. म्हणून एटीसी जरूर वापरावे, पण दिशा आणि उंची यांचा शेवटचा निर्णय त्याच्याकडे सोपवू नये. या उत्तरातील बाकी सगळे याच मुद्द्याचा तपशील आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रत्यक्ष परवान्याचे प्रशिक्षण चालू असेल तर रेडिओवरील चुकीच्या सवयी महागात पडतात आणि निवड काटेकोरपणे करावी लागते. केवळ छंद असेल तर थोडी सैल भाषा चालून जाते. विमानाचा वेग हा दुसरा भाग आहे. १०० नॉटच्या विमानात उशिरा मिळालेली सूचना सावरता येते, तीच १८० नॉटला सावरत नाही. पुढील आकडे मी सोयीसाठी १२० नॉट ग्राउंड स्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग), म्हणजे मिनिटाला २ सागरी मैल, धरून दिले आहेत. तुमच्या विमानाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

आधी व्हेक्टरचा, म्हणजे कंट्रोलरने दिलेल्या हेडिंगचा, विचार करू, कारण बहुतेक अप्रोच तेथेच बिघडतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कंट्रोलरने शेवटचे हेडिंग असे द्यावे की विमान फायनल अप्रोचच्या (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्याच्या) रेषेला ४५ अंश किंवा त्याहून कमी कोनात येऊन मिळेल आणि ग्लाइडपाथ (ग्लाइडस्लोपने दाखवलेला उतरणीचा मार्ग) लागण्यापूर्वी समतल उड्डाणात त्या रेषेवर स्थिरावेल. अमेरिकेत हा कोन सर्वसाधारणपणे ३० अंशांपर्यंत मर्यादित असतो. हे आकडे उगीच ठरवलेले नाहीत. लोकलायझरची सुई एका टोकापासून मध्यापर्यंत येते ते अंतर साधारण अडीच अंशांचे असते. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो, त्यामुळे तुम्ही धावपट्टीपासून ८ मैलांवर असताना अँटेनापासून सुमारे साडेनऊ मैलांवर असता, आणि तेथे हे अडीच अंश म्हणजे जेमतेम ०.४ मैल होतात.

३० अंशांच्या कोनात येत असाल तर रेषेकडे सरकण्याचा वेग मिनिटाला १ मैल असतो. सुई हलू लागल्यापासून मध्यावर येईपर्यंत सुमारे २५ सेकंद मिळतात आणि ३० अंशांचे वळण स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंशांनी, १० सेकंदांत होते. वेळ पुरतो. आता तेच हेडिंग ९० अंशांच्या कोनात आहे असे समजा. रेषेकडे सरकण्याचा वेग दुप्पट होतो, हातात १२ सेकंद उरतात आणि वळणाला ३० सेकंद लागतात. स्टँडर्ड रेटच्या वळणाची त्रिज्या या वेगाला सुमारे ०.६४ मैल असते, म्हणजे वळायला सुरुवात करायची ती सुई हलण्याच्याही आधी. सुई हलायची वाट पाहिली तर विमान रेषेपलीकडे जाणारच, मग वैमानिक कितीही कुशल असो. तुम्ही लोकलायझर ओलांडता त्यातील बहुतेक वेळा हेच घडत असावे, असा माझा कयास आहे. हातांचा दोष तेथे फारसा नाही. येणारा कोन मोठा आहे हे आधी लक्षात आलेले नाही, एवढाच तो प्रकार आहे.

यावर उपाय सोपा आहे. लोकलायझरची दिशा हेडिंग बगने (दिशादर्शकावरील हलत्या खुणेने) किंवा कोर्स सुईने सतत डोळ्यांसमोर ठेवावी आणि प्रत्येक नवे हेडिंग मिळाल्यावर त्यातील फरक मनात मोजावा. फरक ४५ अंशांपेक्षा जास्त असेल, अंतर कमी होत असेल आणि अप्रोचचा क्लिअरन्स (परवानगी) अजून आला नसेल, तर विचारावे. खऱ्या कंट्रोलरला आपण ‘रेषा ओलांडत आहोत, पुढे काय करू?’ असे विचारतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रश्न विचारण्याची सोय नसेल तर तेथे तुम्हीच कंट्रोलर व्हावे: ३० अंशांचा कोन साधेल असे हेडिंग घ्यावे आणि रेषा पकडावी. हे नियमभंगासारखे वाटेल, पण सिम्युलेटरमध्ये चुकीची सूचना निमूटपणे पाळण्याची सवय लावून घेणे याहून वाईट आहे. प्रत्यक्ष उड्डाणातही ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हणण्याचा अधिकार वैमानिकाला असतो आणि तो वापरण्याची सवय कोठेतरी लागायलाच हवी.

उंचीचा हिशेबही तितकाच सरळ आहे. ३ अंशांचा ग्लाइडपाथ दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट उतरतो. मनातल्या मनात ३०० धरले तरी काम भागते. उतरण्याचा दर म्हणजे ग्राउंड स्पीडची पाचपट, म्हणून १२० नॉटला मिनिटाला साधारण ६०० फूट. समजा एटीसीने तुम्हाला धावपट्टीच्या पातळीपासून ४,००० फुटांवर ठेवले आणि ८ मैलांवर अप्रोच क्लिअर केला. ग्लाइडपाथ त्या ठिकाणी सुमारे २,६०० फुटांवर असतो, म्हणजे तुम्ही १,४०० फूट वर आहात. मिनिटाला १,५०० फुटांनी उतरलात तर ग्लाइडपाथ पावणेपाच मैलांच्या आसपास, १,५५० फुटांच्या सुमारास हाती लागेल. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात त्या उताराने वेग वाढलेला असेल, फ्लॅप आणि चाके लावायची राहिली असतील आणि ढगात १,००० फुटांपर्यंत विमान पूर्ण स्थिर असले पाहिजे या सर्वमान्य अटीसाठी एक मिनिटही उरलेले नसेल. शिवाय ग्लाइडस्लोप वरून पकडताना खोट्या ग्लाइडस्लोपचा धोका असतो. ३ अंशांच्या खऱ्या किरणाच्या वर, ९ अंशांच्या आसपास, असा फसवा संकेत मिळू शकतो. बहुतेक ऑटोपायलट तर ग्लाइडस्लोप वरून पकडतच नाहीत, आणि ऑटोपायलटचे एपीआर (अप्रोच) बटण दाबूनही विमान उतरत का नाही म्हणून वैमानिक बुचकळ्यात पडतो.

अशा वेळी मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला सांगतो. फायनल अप्रोच फिक्सच्या (शेवटचा टप्पा सुरू होतो त्या ठरावीक बिंदूच्या) १० मैल आधीपासून दर दोन मैलांना स्वतःच्या तोंडाने म्हणावे: इतके अंतर, इतकी उंची हवी, इतकी आहे. फरक १,००० फुटांच्या पुढे जाऊ लागला की खाली येण्याची परवानगी मागावी, आणि ती वेळेवर न मिळाल्यास अप्रोच सोडून पुन्हा सुरुवात करावी. पुन्हा रांगेत लागायला दहा मिनिटे जातात, पण तो सरावाचाच भाग आहे. खरे विमानसुद्धा वर अडकले की हेच करते.

आता डोंगराकडे नेणाऱ्या हेडिंगबद्दल. खऱ्या रडार कंट्रोलरसमोर कमीत कमी व्हेक्टरिंग उंचीचा नकाशा असतो आणि तो सहसा त्याखाली विमान नेत नाही. सिम्युलेटरमधील एटीसी जमिनीचा चढउतार किती विचारात घेते हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असते, म्हणून त्यावर विसंबू नये. अप्रोच चार्टवर दिलेली मिनिमम सेफ अल्टिट्यूड, जी साधारणपणे २५ मैलांच्या त्रिज्येत अडथळ्यांपेक्षा किमान १,००० फूट उंचीची हमी देते, ती सिम्युलेटरमध्ये तुमची तळरेषा समजावी. प्रत्यक्षात व्हेक्टरिंग उंची तिच्याहून कमी असू शकते आणि ते पूर्णपणे वैध असते, पण संगणकाने दिलेल्या उंचीला ती सवलत देण्याचे कारण नाही. प्रकाशित (चार्टवर छापलेल्या) अप्रोचच्या रेषेवर स्थिरावेपर्यंत त्या तळरेषेखाली जायचे नाही, एवढा नियम स्वतःसाठी करून टाकावा.

‘अप्रोच क्लिअर’ याचा अर्थ ‘आता खाली या’ असा नसतो, हे येथे जरा थांबून समजून घेण्यासारखे आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ हे बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. धावपट्टीपासून चाळीसहून अधिक मैलांवर असतानाच त्याला व्हीओआर-डीएमई (दिशा आणि अंतर सांगणाऱ्या रेडिओ केंद्रावर आधारित) अप्रोचचा क्लिअरन्स मिळाला. वैमानिकांनी त्याचा अर्थ उतरण्याची मोकळीक असा घेतला आणि ते १,८०० फुटांकडे उतरू लागले. ती उंची चार्टवरील पुढच्या टप्प्यासाठी होती आणि मधल्या भागात माउंट वेदर हा डोंगर उभा होता. विमानातील सर्व ९२ जण मरण पावले. त्यानंतर अमेरिकेत नियम स्पष्ट करण्यात आला: अप्रकाशित मार्गावर असताना अप्रोच क्लिअर झाला तरी, विमान अप्रोचच्या प्रकाशित भागावर येईपर्यंत शेवटी दिलेलीच उंची राखायची. म्हणूनच आज खरा कंट्रोलर क्लिअरन्स देताना तुमचे फिक्सपासूनचे अंतर, वळण्याचे हेडिंग, लोकलायझरवर स्थिरावेपर्यंत राखायची उंची आणि मग अप्रोचचे नाव, अशी चार अंगे सांगतो. सिम्युलेटरमधील आवाज यांपैकी उंचीचे अंग गाळत असेल तर ते तुम्ही रीडबॅकमध्ये (सूचना परत म्हणून दाखवताना) स्वतः भरावे. म्हणण्याची सवय लागली की करण्याची सवय आपोआप लागते.

ऑटोपायलटबद्दल थोडक्यात. क्लिअरन्स मिळण्याआधी एपीआर सज्ज करू नये, नाहीतर परवानगीशिवाय विमान ग्लाइडस्लोप पकडून उतरू लागते. व्हेक्टरवर असताना हेडिंग मोड ठेवावा, नेव्हिगेशनचा स्रोत जीपीएसवरून लोकलायझरवर आणल्याची खात्री करावी, आणि फ्रीक्वेन्सीचा मोर्स संकेत (योग्य केंद्र लागल्याची ओळख) ऐकावा. सिम्युलेटरमध्ये हा संकेत कोणी ऐकत नाही, तुम्ही ऐका.

कोणते एटीसी वापरावे, या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येत नाही. सिम्युलेटरसोबत येणाऱ्या एटीसीत तुम्ही सहसा मेनूतील ओळ निवडता आणि संगणकच तुमच्या वतीने रीडबॅक बोलतो. यात ऐकण्याचा सराव थोडाफार होतो, बोलण्याचा मुळीच होत नाही. त्यावर उपाय म्हणून पडद्यावरचा मजकूर बंद करावा, सूचना कागदावर टिपावी, रीडबॅक मोठ्याने म्हणावा आणि नंतरच बटण दाबावे. आवाज ओळखणारी स्वतंत्र सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ पायलट२एटीसी, बियाँडएटीसी किंवा सेइंटेन्शन्स, तुम्हाला बोलायला लावतात, आणि कामाचा ताण खऱ्यासारखा वाढवण्यासाठी तो फरक मोठा आहे. मात्र भाषा समजून घेणारे सॉफ्टवेअर जितके हुशार, तितके ते तुमची विस्कळीत वाक्येही चालवून घेण्याची शक्यता जास्त. परवान्यासाठी तयारी करणाऱ्याच्या दृष्टीने ही उदारता गैरसोयीची आहे. चुकीचा रीडबॅक खपून गेला तर तो चुकीचा होता हे कळतच नाही. म्हणून आपले बोलणे रेकॉर्ड करून नंतर ऐकावे. ऐकताना लाज वाटते, पण सुधारणा झपाट्याने होते.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी त्याची नेव्हिगेशन माहिती आणि विमानातील डेटाबेस एकाच एआयआरएसी (नेव्हिगेशन माहिती अद्ययावत करण्याच्या) चक्राचे आहेत का, ते पाहावे. हे चक्र २८ दिवसांचे असते. दोन्हींत तफावत असली की एटीसी ज्या फिक्सचे नाव घेते तो तुमच्या जीपीएसमध्ये सापडत नाही, आणि नेमक्या गर्दीच्या क्षणी तुम्ही बटणांत अडकता. चार्टही शक्यतो त्याच काळातील असावा.

सरावाचा क्रम मी असा ठेवतो. आधी एटीसी बंद ठेवून तोच अप्रोच सुरुवातीच्या फिक्सपासून पूर्ण उडवावा, इतका की चार्टवरील उंची आणि दिशा पाठ होतील. मग एटीसी सुरू करावे, पण व्हेक्टर न मागता सुरुवातीच्या फिक्सकडे थेट जाण्याची आणि पूर्ण प्रक्रिया उडवण्याची परवानगी मागावी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अप्रोच निवडताना हा पर्याय असतो आणि तो फार कमी लोक वापरतात. येथे मार्ग प्रकाशित असतो, उंची चार्टवर लिहिलेली असते, आणि संगणकाला भूमितीत चुकायला फारशी जागा उरत नाही. तुम्हाला मात्र ऐकणे, टिपणे, बोलणे आणि उडवणे हे चारही एकदम करावे लागते. माझ्या अनुभवात नवशिक्यांना सिम्युलेटरमधील एटीसीचा खरा फायदा याच टप्प्यात होतो. व्हेक्टर त्यानंतर घ्यावेत, वर सांगितलेले दोन हिशेब तोंडपाठ झाल्यावर. एक लक्षात ठेवावे: व्हेक्टरवरून फायनलला लावले असेल तर चार्टवर प्रोसीजर टर्न (उलट फिरून रेषेवर येण्याचे वळण) दिसला तरी तो करायचा नसतो. पूर्ण प्रक्रियेचा भरपूर सराव केलेले लोक येथे हमखास गोंधळतात.

हवामान सुरुवातीला मध्यम ठेवावे. पहिल्या प्रकारच्या आयएलएसची डिसिजन हाइट (धावपट्टी न दिसल्यास उतरणे सोडायची उंची) सर्वसाधारणपणे २०० फूट असते. ढगांचा तळ ६०० ते ८०० फुटांवर ठेवला तर अप्रोच खरोखर उपकरणांवरच होतो आणि चूक झाल्यास ती पाहायला थोडी उंचीही उरते. अल्टिमीटरकडे (उंचीमापकाकडे) विशेष लक्ष द्यावे. एटीसीच्या बोलण्यात गुंतलेले असताना १०१३ या प्रमाण दाबावरून स्थानिक क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला तेथील हवेचा दाब) लावायचे राहून जाते. क्यूएनएच ९९८ असताना १०१३ तसाच राहिला तर १५ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ४०० फूट, आणि विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा तेवढे खाली असते. डिसिजन हाइटच्या दुप्पट! दाबाचे मूल्य हे रीडबॅकमध्ये सक्तीने परत म्हणायच्या बाबींपैकी एक आहे, ते याच कारणाने.

मिस्ड अप्रोचच्या वेळी (उतरणे सोडून पुन्हा वर जाताना) संगणकाचे एटीसी सर्वांत जास्त गडबडते. कधी ते तुम्हाला अजून उतरतच आहात असे समजते, कधी लगेच उलट दिशेचे हेडिंग देते. येथे क्रम बदलू नये: आधी पॉवर, चढाई, चाके-फ्लॅप आणि चार्टवरील प्रकाशित मिस्ड अप्रोचचा मार्ग, बोलणे त्यानंतर. एटीसीचा गोंधळ मिटत नसेल तर होल्डपर्यंत (वाट पाहत घिरट्या घालण्याच्या जागेपर्यंत) प्रकाशित मार्गानेच जावे, तेथे एक फेरी मारावी आणि मग नव्याने अप्रोच मागावा. होल्डमध्ये शिरण्याचा सराव एरवी कोणी मुद्दाम करत नाही, तो या निमित्ताने होतो.

वरील टप्पे जमू लागले की माणसांच्या कंट्रोलवर जावे. व्हॅटसिम आणि आयव्हीएओ या जाळ्यांवर स्वयंसेवक कंट्रोलर विनामूल्य काम करतात; पायलटएज ही सशुल्क सेवा आहे आणि तिचा भर अमेरिकेच्या पश्चिम भागावर आहे. स्वयंसेवकांच्या जाळ्यांवर प्रत्येक विमानतळावर प्रत्येक वेळी कंट्रोलर असेलच असे नाही, म्हणून उडण्यापूर्वी नकाशावर पाहून घ्यावे. व्हॅटसिमवर निरीक्षक म्हणून जोडले जाऊन केवळ ऐकताही येते. तुम्हाला उडवायचा आहे त्याच विमानतळाच्या अप्रोच फ्रीक्वेन्सीवर दोन संध्याकाळी नुसते ऐकावे, सोबत चार्ट उघडा ठेवावा आणि प्रत्येक विमानाला मिळालेले हेडिंग रेषेशी किती अंशांत येते ते मोजावे. मग पहिले उड्डाण गर्दी नसलेल्या वेळी करावे आणि उड्डाण योजनेच्या शेऱ्यात आपण नवे आहोत असे लिहावे. कंट्रोलर हळू बोलतात आणि सूचना वेळेआधी देतात. एखादे हेडिंग समजले नाही तर अंदाजाने वळू नका, पुन्हा विचारा. सिम्युलेटरच्या मेनूत ज्या प्रश्नाला जागा नव्हती, तो येथे विचारता येतो.